नाकाला कान लावणारे सर

नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी माझी नखं कापली. मी नाक-कान-घशाची एमएस करून नुकतीच गोंदियात परतलेली, सकाळी कामठ्याहून निघताना आईनं हातावर दही-साखर दिलेली, आणि हा साठीचा माणूस सिस्टरकडून नेलकटर मागून घेऊन माझा हात टेबलावर धरून बसला. आधी वाटलं, थट्टा चाललीय. मग वाटलं, हा माणूस वेडा आहे आणि इथे राहिले तर मीही होणार. हात ओढून घ्यायचंही सुचलं नाही, इतकी मी हबकले होते. अंगठ्यापर्यंत आल्यावर ते म्हणाले, "पेशंटची नखं मी कापतो. आपलीच वाढलेली असली तर तो आपलं कायले ऐकेल?"

ते पेशंटची नखं खरोखरच स्वतः कापायचे. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, त्याला भोक पडलेली माणसं लांबलांबून सरांकडे यायची. आमच्याकडे राईस मिलचा कोंडा उडतो, उन्हाळ्यात हवा पार सुकून जाते, नाकात खपल्या धरतात आणि माणूस फावल्या वेळात त्या उकरत बसतो. उकरता उकरता पडदा झिजतो आणि एक दिवस आरपार होतो. अशा नाकावर ऑपरेशन करायचं आणि नखं तशीच ठेवायची, हे सरांच्या डोक्यात बसत नसे. एका मिलचे शेठ दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले होते. सरांनी त्यांच्या अंगठ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांदेखत नखं कापायला सुरुवात केली. शेठ लाजून म्हणाले, "डॉक्टरसाब, ये काम तो मेरा नाई करता है."

"तो नाई को बोलो, नाक भी वही सिल देगा," सर म्हणाले आणि दुसरा हात मागितला.

शेठनं तो दिला, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. सर आता प्रॅक्टिस करत नाहीत, मी करते, आणि माझ्याही टेबलावर नेलकटर असतं. ते का असतं, हे नव्या पेशंटला समजावून सांगताना माझी फजिती होते.

मे महिन्यातल्या गोंदियात 'कूलर बंद करा' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पडद्याचं भोक लहान असलं की श्वासागणिक नाकातून बारीक शिट्टी वाजते. दुर्बीण घातली की भोक दिसतंच, आणि सरांकडे चांगली दुर्बीण होती. तरी ते आधी कूलर बंद, पंखा बंद, सगळे गप्प, असं फर्मान सोडायचे, खाली वाकायचे आणि पेशंटच्या नाकाला कान लावायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीत एक म्हातारी होती. तिनं घाबरून पदर तोंडावर ओढला आणि मुलाला म्हणाली, "हा बुढा काऊन जवळ येऊन राहिला रे?" बाहेर बाकावरची माणसं घामानं निथळत होती. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, या डॉक्टरवर कोणी केस कशी केली नाही अजून.

ऐकून झालं की बरणी निघायची. बरणीत वाळलेली मोहफुलं. डोळे मिटायला लावून ती नाकाखाली धरायची आणि वास ओळखायला सांगायचं. ज्याला मोह ओळखू येत नाही त्याच्या नाकाची सर जास्त काळजी करायचे.

एकदा लग्नाच्या मांडवातून नवरदेवाच्या मामाला उचलून आणलं. नाकातून धार लागलेली, नवं धोतर लाल झालेलं. रक्त मागून येत होतं, खोल असलेल्या धमनीतून, तिथे कापूस ठासून भागत नाही. सर दुर्बिणीनं धमनीपर्यंत पोचले, तिच्यावर क्लिप बसवली, धार थांबली. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. मग मामा शुद्धीवर आल्यावर कळलं की लग्नघरात बीपीची गोळी घ्यायची राहून गेली होती. सर बाहेर आले, वऱ्हाडाबरोबर आलेल्या एकूण एक मामा-काकांना बाकावर ओळीनं बसवलं आणि सगळ्यांचं बीपी मोजायला लावलं. नवरदेवाचंही. मुहूर्त टळला. मुलीकडचे लोक हॉस्पिटलच्या पायरीवर भांडायला लागले तेव्हा सरांनी त्यांच्यातल्या मोठ्या माणसालाही आत बोलावून पट्टा बांधला. मी तर तोंडावर हात ठेवून आतच थांबले.

पण या सगळ्याहून मला जास्त धक्का बसायचा तो त्यांच्या शिव्यांचा. ते एरवी कोणाला अपशब्द बोलत नसत. फक्त एका डॉक्टरला बोलायचे, आणि तो कोण हे कोणालाच माहीत नव्हतं.

नाकातून वारंवार रक्त येत असेल तर पडद्यावरची ती बारीक रक्तवाहिनी औषधाच्या काडीनं जाळतात. साधं काम आहे. फक्त एक नियम आहे आणि तो आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पडद्याच्या आत कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतं तशी, असते, तिला स्वतःचं रक्त नसतं. दोन्ही बाजूंच्या अस्तरातून मिळेल त्यावर ती जगते. एक बाजू जाळली तर दुसरी तिला पोसते. दोन्ही बाजू एकाच जागी, एकाच दिवशी जाळल्या तर मधली कूर्चा उपाशी मरते आणि तिथे भोक पडतं. म्हणून आज एक बाजू, दुसरी दीड महिन्यानं.

भोक घेऊन आलेल्या पेशंटला सर पहिला प्रश्न विचारायचे, "कोणी जाळलं?" बहुतेकांचं कोणीच जाळलेलं नसायचं, नखं नाही तर मेडिकलमधून घेतलेले नाकाचे थेंब. पण एखादा म्हणायचा की हो, लहानपणी एका डॉक्टरनं जाळलं होतं. मग सर त्याचं गाव विचारायचे, साल विचारायचे, डॉक्टर कसा दिसत होता ते विचारायचे. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा सैल पडायचा आणि मग ते सुरू व्हायचे. तो डॉक्टर गाढव होता. त्याची डिग्री काढून त्याला मिलवर पोती उचलायला पाठवायला पाहिजे. दोन्ही बाजू एकदम, एवढी कसली घाई होती त्याला? एकदा मी म्हटलं, सर, आपल्याच व्यवसायातल्या माणसाबद्दल पेशंटसमोर असं बोलणं बरं नाही. "त्याच्याबद्दल याहून वाईट बोलता येत असलं तर मला शिकव," ते म्हणाले.

सुकराम आला तो नागझिऱ्याचं गेट पावसाळ्यासाठी बंद झाल्यावर. चाळिशीचा, शिडशिडीत, अंगात खाकी शर्ट. तो दारातून आत येण्याआधी त्याची शिट्टी आत आली. जंगलात गाईड होता. जिप्सी पाणवठ्याशी थांबते, इंजिन बंद होतं, माणसं श्वास धरून बसतात आणि त्या शांततेत सुकरामचं नाक वाजतं. पर्यटक आधी हसायचे, मग चिडायचे. मागच्या हंगामात काहीजण गेटवर पोचल्या पोचल्याच सांगायला लागले होते, तो शिट्टीवाला गाईड नको.

"जनावर नाई भेत, साहेब," सुकराम म्हणाला. "जनावराले मालूम हाये, हा सुकराम हाये. मानसंच नाराज होऊन राहिले. आक्टोबरात गेट उघडते. तवापर्यंत बुजलं तं बुजलं, नाई तं मी सोडून देतो. इतके वर्सं जंगलात गेले माझे, पन रोज तोंडावर नको म्हनतेत, ते आता सयन होत नाई."

कूलर बंद झाला. सरांनी कान लावला आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग दुर्बीण घातली. मीही पाहिलं, पडद्याच्या पुढच्या भागात गोल भोक, काठ जुने, गुळगुळीत. हे नखाचं काम नव्हतं.

"कोणी जाळलं?"

सुकराम पायाकडे बघत बसला.

"सांग ना. कोण गाढव होता तो? दोन्ही बाजू एकदम जाळल्या त्यानं. डिग्री काय बाजारातून आणली होती?"

"जाऊ द्या ना, साहेब."

"जाऊ कायले द्या? नाव सांग त्याचं."

"तुमीच होते, साहेब."

कूलर बंद होता. बाहेर बाकावर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत ते स्वच्छ ऐकू गेलं.

माझ्या हातातली दुर्बीण मी कशी खाली ठेवली मला आठवत नाही. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, मी सरांकडे बघायचं टाळत होते. बोलत होता तो फक्त सुकराम, आणि तोही ओशाळून, जणू चूक त्याचीच झाली होती. "चोरखमाऱ्याच्या तलावापासी आमचं गाव. शाळेत शिबिर होतं. मी चौथीत होतो. तुमीच जारलं दोनी बाजूनं. आता गावात सांगत होते का गोंदियात नाकाचं भोक बुजवनारा एकच डाक्टर हाये, म्हून आलो. बाहेर पाटी वाचली तं तुमचंच नाव निघालं. वापस जाऊन तं काय करू?"

सर खुर्चीत बसले, तसा सुकरामच पुन्हा बोलायला लागला.

"तुमी मनाले लावून नोको घेऊ, साहेब. रक्त तं बंद झालं ना. त्याच्या आंधी मी उशी भिजवत होतो. माय मरेपर्यंत तुमचं नाव घेत होती, डाक्टरानं पोरगं वाचवलं म्हने. शिट्टी वाजते तं वाजू दे म्हने."

 त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला मास्तरांच्या टेबलावर बसवलं होतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"होय."

"तू रडला नव्हतास."

"नाई."

सर उठले, कूलर स्वतः सुरू केला आणि आतल्या खोलीत निघून गेले. उरलेले पेशंट मी पाहिले. 

संध्याकाळी चहा आला तेव्हा मी सरळ विचारलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, तेव्हा नवा होतो, माहीत नव्हतं. ते म्हणाले, "माहीत होतं. तुला शिकवलं तसंच मलाही शिकवलं होतं. बाप म्हणाला, धानाची रोवणी सुरू आहे, दुसऱ्यांदा येणं जमत नाही, दोन्ही बाजू आजच करून द्या. मुलाचं रक्त बघून बाप रडत होता. मी केल्या."

"आणि नंतर?"

"महिन्याभरात जाऊन बघायला पाहिजे होतं. जखम ओली असताना हाताशी आली असती तर कदाचित पडदा वाचला असता. एसटी दिवसातून एकच जायची, पुढे चालत. घर दूर आहे, असं म्हणालो आणि गेलो नाही. पुढच्या वर्षी गेलो नाही. मग लाज वाटायला लागली म्हणून गेलो नाही. मग वाटलं, येईल तो. कोणीतरी आणेल त्याला. म्हणून प्रत्येकाला गाव विचारत बसलो."

मला त्यांचा भयंकर राग आला. जाळलं त्याचा नाही, त्या बापासमोर मी असते तर मीही कदाचित जाळलं असतं. राग न जाण्याचा आला. गाव माहीत, शाळा माहीत, आणि हा माणूस खुर्चीत बसून वाट बघत राहिला, आणि मी तीन वर्षं त्या अज्ञात गाढवाबद्दल ऐकत राहिले. चहा तसाच ठेवून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा, असंही ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर सुकरामला सांगत होते की ऑपरेशन मॅडम करतील. "माझा हात तुला एकदा लागला तेवढा पुरे."

"नाई," सुकराम म्हणाला. "तुमी जारलं, तुमीच बुजवा. म्याडम नवीन हायेत."

हे तो माझ्या तोंडावर म्हणाला. राजीनामा राहून गेला.

हे ऑपरेशन एकदाच चांगलं होतं. नाकाच्या तळाचं अस्तर सोडवून घ्यायचं, पण त्याला रक्त पुरवणारी धमनी तोडायची नाही. त्या धमनीच्या देठावर अस्तर फिरवून भोकावर आणायचं, मधे कानाच्या वरून काढलेला पातळ पापुद्रा सरकवायचा आणि शिवायचं. देठ दुखावला तर अस्तर काळं पडून गळून जातं, आणि दुसऱ्यांदा घ्यायला तिथे काही उरत नाही. सुकरामला हे सगळं सरांनी सांगितलं. सांगताना ते त्याची नखं कापत होते.

अस्तर सुटलं, गुलाबी होतं, फिरलं. आणि देठाच्या अगदी शेजारून रक्त आलं. दुर्बिणीच्या मॉनिटरवर सगळं लाल, काही दिसेना. अशा वेळी हात सवयीनं जाळायच्या उपकरणाकडे जातो. मी ते उचलून सरांसमोर धरलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "जाळा ना सर, किती वेळ असं?"

सरांनी त्या टोकाकडे पाहिलं. "नको," म्हणाले. औषधात भिजवलेली कापसाची पट्टी ठेवली आणि नुसती दाबून धरली. वेळ जात राहिला. ते हलेनात. मला वाटलं, हा माणूस गोठला, आता सूत्रं मला घ्यावी लागणार. मी वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर डोळे भरून आले होते, हात मात्र जागेवर स्थिर होता.

पट्टी काढली तेव्हा रक्त थांबलं होतं. अस्तर गुलाबीच होतं. ते शिवायला लागले.

पुढचे तीन आठवडे सुकराम हॉस्पिटलच्याच खोलीत राहिला. रोज सकाळी सर मिठाच्या पाण्यानं त्याचं नाक धुवायचे, सिस्टरना करू द्यायचे नाहीत. नाकात दोन्ही बाजूंनी आधाराला पट्ट्या शिवलेल्या होत्या, त्यामुळे आत काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता. सर रोज चिडचिड करायचे, जेवायचे नाहीत, आणि भोगू देत त्यांना, असं मी तेव्हा मनाला बजावत होते.

पट्ट्या काढायच्या दिवशी कूलर बंद झाला. कोणी सांगायची वाट पाहिली नाही, सिस्टरनीच बंद केला. पट्ट्या निघाल्या. सरांनी कान लावला, सरळ झाले आणि मला म्हणाले, "तू ऐक."

मी तोवर कधी कोणाच्या नाकाला कान लावला नव्हता. वाकले. कानावर ऊन ऊन श्वास आला आणि गेला. पुन्हा आला आणि गेला. आवाज काहीच नव्हता. मला रडू फुटलं, कारण मला इतक्या दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं की हे होईल.

सगळ्यात जास्त घाबरला सुकराम. चौथीपासून ऐकलेला आवाज एकदम गेला होता. "म्याडम, माझं नाक बंद तं नाई झालं?" त्यानं विचारलं. सरांनी मोहाची बरणी त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं डोळे मिटून हुंगलं.

"हे मांगच्या सालचे फुलं हायेत, साहेब. बदलून टाका."

ऑक्टोबरात गेट उघडलं. सुकराम पुन्हा दिसला तो धान कापणीच्या दिवसांत. खाकी शर्ट इस्त्री केलेला, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी, पायल. तिच्या फ्रॉकवर रक्ताचे वाळलेले डाग होते. बापाचंच नाक घेऊन आली होती. गोंदियात दुसरे डॉक्टर आहेत. मीही होते. पण त्यानं तिला उचलून सरांसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि तिचं डोकं स्वतःच्या हातानं त्यांच्याकडे वळवून दिलं. मला ते बघवेना. एवढा विश्वास माणसाकडे कुठून येतो, मला आजही कळलेलं नाही.

सरांनी तिची नखं कापली. नाकात पाहिलं. रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या होत्या. त्यांनी काडी घेतली, उजवी बाजू जाळली आणि काडी टाकून दिली. पायल रडली नाही.

"दुसरी बी आजच करून द्या ना, साहेब," सुकराम म्हणाला. "धान कापनं सुरू हाये, गेटवर माझी ड्यूटी हाये. तिले घेऊन वापस येनं जमत नाई."

आपण काय बोललो, हे त्याला माहीत नव्हतं. सिस्टर जागच्या जागी थांबल्या. मी सरांच्या हाताकडे बघत होते.

"दुसरी दीड महिन्यानं," सर म्हणाले. "तू आणू नको तिला. मी घरी येऊन करीन."

सुकराम हसला. "तुमी कायले तरास घेता, साहेब. घर दूर हाये."

सरांनी नेलकटर खिशात टाकलं.

"तेव्हाही एवढंच दूर होतं."